‘बघू’वाल्यांना समुद्र दिसत नाही

मराठी भाषेतला सर्वांत महागडा शब्द कोणता, असे मला कोणी विचारले तर मी बेलाशक उत्तर देईन : ‘बघू’. लग्नात उधळलेल्या पैशाचा हिशेब निदान एखाद्या वहीत तरी सापडतो. ‘बघू’ने गिळलेल्या सुखांचा हिशेब कोठेच लिहिलेला नसतो. घरातली बाई म्हणते, “अहो, एकदा बोटीने गोव्याला जाऊन येऊ या.” घरधनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणतो, “बघू.” मुलगी म्हणते, “बाबा, लक्षद्वीप!” त्यावर उत्तर, “बघू, आधी परीक्षा होऊ दे.” म्हातारी आई काहीच म्हणत नाही. हा शब्द तिने आधी नवऱ्याच्या आणि मग मुलाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलेला असतो, की त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो हे तिला कोणत्याही शब्दकोशावाचून ठाऊक असते.

या ‘बघू’विरुद्ध मी आज लेखणी उचलली आहे. माझे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल : समुद्राची सफर करावयाची असेल तर तिची नोंदणी वर्षभर, निदान आठ-दहा महिने आधी करून मोकळे व्हावे. दिवाळी अंकात मांडावयास हा विषय फार किरकोळ आहे, असे कोणी विद्वान म्हणतील. म्हणोत बापडे! ज्यांच्या घरी हव्या त्या दिवशी हवे तेवढे पैसे असतात, त्यांच्यासाठी तो किरकोळ आहेच. परंतु पगारावर, बागायतीवर किंवा किराणा दुकानावर ज्याचा संसार चालतो, त्याच्या दृष्टीने आगाऊ नोंदणी ही चैनीची बाब नसून चैन परवडण्याची एकुलती एक वाट आहे.

ज्यांनी बोटीची जाहिरात तेवढी पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मुंबईहून प्रवासी बोटीने गोव्याला जाणे ही काही कालपरवा निघालेली टूम नव्हे. कोकणातल्या जुन्या माणसांना विचारा. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जात असे आणि ठिकठिकाणी उतारू बोटीतून पडावात आणि पडावातून किनाऱ्यावर उतरत असत. ती गरजेची बोट होती. डेकवर पथारी टाकायची, शेजारी ट्रंक आणि आंब्याची करंडी ठेवायची, आणि रात्र काढायची. पुढे रस्ते सुधारले, ती सेवा बंद पडली आणि १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागल्यावर तिची गरजही उरली नाही.

मग समुद्र परत आला तो हौसेच्या रूपाने. २०१८ च्या ऑक्टोबरात कान्होजी आंग्र्यांची आठवण देणारी ‘आंग्रिया’ ही बोट मुंबई-गोवा धावू लागली. २०२० च्या महामारीत ती थांबली. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ नावाच्या अकरा मजली बोटीने मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी सुरू केल्या. २०२५ मध्ये मुंबईच्या इंदिरा गोदीत अशा जहाजांसाठी नवे भव्य प्रवासी टर्मिनलही उभे राहिले. याच प्रवासाला आता लहानथोर सारे ‘क्रूझ’ म्हणतात. म्हणजे धक्का आहे, बोट आहे, समुद्र तर आहेच आहे. मग आमच्या घरांतून त्या बोटीवर माणूस का चढत नाही? पैसा नाही म्हणून? सगळ्यांच्या बाबतीत हे खरे नाही. तारीख नाही म्हणून!

मी जळोचीचा. हे गाव बारामतीला चिकटलेले, आता तर बारामती नगरपालिकेच्या हद्दीतच गेलेले. समुद्र आमच्यापासून सह्याद्रीच्या पलीकडे. आमच्या तालुक्याला पाणी म्हणजे नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन, आणि लाट म्हणजे वैशाखातली उन्हाची. आमच्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला असेल तो मुंबईच्या चौपाटीवर, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात धरून, लाट आली की मागे पळत. अशा गावातल्या लोकांना आगाऊ विचार करण्याची सवय नसते, असा समज करून घेऊन शहरातले लोक आम्हांला उपदेश करतात. या समजाइतके हास्यास्पद दुसरे काही नाही.

अहो, आमच्या भागातला शेतकरी आडसाली ऊस लावतो तो आषाढ-श्रावणात, आणि तोडतो तो पुढच्या वर्षीच्या हंगामात. सोळा-अठरा महिने! लागण झाली की तो कारखान्याकडे नोंद करतो. गट क्रमांक, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, सारे कागदावर चढते. पुढे त्याच तारखेच्या क्रमाने तोडीचा कार्यक्रम लागतो. माळेगाव असो, सोमेश्वर असो, की भवानीनगरचा छत्रपती असो, ज्याने नोंद केली नाही त्याचा ऊस फडात वाळतो, त्याला तुरे येतात, वजन घटते, आणि मग तो टोळीच्या मुकादमामागे हात जोडत हिंडतो. ऊस तोडायला येणाऱ्या त्या टोळ्यांनासुद्धा उचल महिनोन्महिने आधी दिलेली असते. तेव्हा अठरा महिन्यांनी तुटणाऱ्या उसाची नोंद लागणीबरोबर करणारा माणूस आपल्या बायकामुलांच्या चार दिवसांच्या आनंदाची वेळ आली की मात्र “आयत्या वेळी बघू” म्हणतो, तेव्हा त्याला दूरदृष्टी नाही असे म्हणता येत नाही. दूरदृष्टी आहे, ती उसापुरती राखून ठेवलेली आहे, एवढेच!

वारीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तुकोबारायांची पालखी दरसाल आमच्या मुलखातून जाते. बारामतीला मुक्काम, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, पुढे निमगाव केतकी आणि इंदापूर. कोणत्या तिथीला कोठे मुक्काम, कोणती दिंडी रथापुढे कितवी आणि कोणती रथामागे कितवी, सारे ठरलेले. दिंडीत जावयाचे तर नाव आधी द्यावे लागते, भिशी भरावी लागते. मग सामान कोणत्या ट्रकमध्ये आणि राहुटी कोठे, याची चिंता वारकऱ्याला राहत नाही. हे सारे आधी ठरल्यामुळे वारीतला आनंद कमी होतो काय? मुळीच नाही. व्यवस्थेची काळजी सुटते म्हणून तर वारकऱ्याचे मन भजनाला मोकळे राहते. “सगळे आधीच ठरवले तर प्रवासात मौज ती काय उरली?” असे विचारणाऱ्या रसिकांनी एकदा दिंडीबरोबर चालून पाहावे.

आता जहाजाची गोष्ट. जहाज आणि इतर वाहने यांत एक मूलभूत भेद आहे आणि तो ध्यानात घेतल्यावाचून माझे म्हणणे पटणार नाही. दिवाळीची गर्दी झाली की एसटी जादा गाड्या सोडते. आगगाडीला एखादा डबा जोडता येतो. जहाजाला मात्र खोली जोडता येत नाही! जेवढ्या खोल्या तेवढ्याच. आणि जेवढ्या माणसांसाठी जीवरक्षक नौका आणि व्यवस्था, तेवढीच माणसे. समुद्रावर माणसे मोजून चढवणे ही हौस नव्हे, शिस्त आहे. १९१२ च्या ‘टायटॅनिक’च्या अपघातानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोकणातली घरे तो दिवस विसरलेली नाहीत. तेव्हा “जरा सरकून घ्या, आम्ही चौघे कोपऱ्यात बसतो” ही आपली प्रिय युक्ती समुद्रावर चालत नाही, चालू नये. म्हणूनच जहाजाची तुलना एसटीशी न करता मंगल कार्यालयाशी करावी. वैशाखातले मुहूर्त मोजके, चांगली कार्यालये मोजकी. म्हणून साखरपुडा होताच मुलीचा बाप कार्यालय धरून ठेवतो. त्याला कोणी उतावळा म्हणत नाही. शहाणा म्हणतात.

खोल्या मोजक्या, त्याही सारख्या नव्हेत. आतली बिनखिडकीची खोली, गोल किंवा चौकोनी काचेतून समुद्र दाखवणारी खोली, सज्जाची खोली, आणि त्यावर श्रीमंतांचे दालन. शिवाय एकाच दराच्या दोन खोल्यांतही फरक असतो. जहाज डोलते ते टोकांकडे आणि वरच्या मजल्यांवर अधिक. मध्यभागी आणि खालच्या बाजूस कमी. ज्यांना गाडी लागते त्यांनी मधली खोली घ्यावी. आईचे गुडघे दुखत असतील तर उद्वाहनाजवळची घ्यावी. दोन कुटुंबे मिळून जाणार असतील तर शेजारशेजारच्या दोन खोल्या हव्यात, नाही तर मुले चौथ्या मजल्यावर आणि आईबाप आठव्यावर! या सगळ्या निवडी कोणाला मिळतात? जो आधी येतो त्याला. उशिरा येणाऱ्याला उरलेली खोली मिळते, आणि उरलेल्या वस्तूला ‘निवड’ म्हणत नाहीत.

याशिवाय दराचा प्रश्न आहे. जहाजी कंपनीचे मुख्य दुखणे म्हणजे रिकामी खोली. हे दुखणे या धंद्याच्या जन्मापासूनचे. १८९१ च्या जानेवारीत जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कंपनीने ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ ही आपली बोट भूमध्य समुद्राच्या सहलीला काढली, तीच मुळी हिवाळ्यात अटलांटिकवर उतारू मिळेनात म्हणून. ही बोट रिकामी बसून खात होती. तिला हौशी लोकांनी भरले, आणि आजच्या जलपर्यटनाचा पाया पडला. रिकाम्या खोलीची ही भीती कंपनीला आजही झोपू देत नाही. म्हणून जो वर्षभर आधी येऊन “ही खोली माझी” म्हणतो त्याला ती सहसा कमी दर देते, आणि खोल्या भरत जातात तसतसा दर चढवीत नेते. आपण आधी गेलो म्हणजे तिची भीती कमी करतो आणि त्या भीतीचे मोल आपल्या पदरात पाडून घेतो. यात मिंधेपणा कसला?

आता विरोधी पक्षाकडे वळतो. हा पक्ष चार प्रकारच्या लोकांचा आहे.

पहिला प्रकार चतुरांचा. ते डोळा मिचकावून सांगतात, “मास्तर, तुम्ही भोळे! शेवटच्या आठवड्यात खोल्या रिकाम्या राहिल्या की कंपनी मातीमोल दराने देऊन टाकते.” देत असेल, कधी कधी. पण ती कोणाला मिळते, याचा विचार या चतुरांनी केला आहे काय? ज्याचे घर बंदराजवळ आहे, ज्याच्या मागे शाळा नाही, गोठा नाही, आणि ज्याला परवा निघ म्हटले तर उद्या बॅग भरता येते, त्याला! आमच्याकडे माणूस चार दिवस बाहेर पडावयाचा तर गाईच्या धारेची सोय हवी, पाण्याची पाळी आली तर दारे धरणारा माणूस हवा, मुलांची शाळा सुटलेली हवी. आणि शाळा सुटते ती दिवाळीत आणि मे महिन्यात, साऱ्या महाराष्ट्राची एकदमच! त्या दिवसांत खोल्या रिकाम्या राहतीलच कशाला? सवलतीच्या आशेवर बसलेला चतुर हा आठवडी बाजारात सांज होण्याची वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकासारखा असतो. भाजी स्वस्त होते खरी. पण मेथीची जुडी तोवर निम्मी पिवळी पडलेली असते, आणि सणाच्या आदल्या दिवशी तर तीही उरत नाही.

दुसरा प्रकार तत्त्वज्ञांचा. “उद्याचे कोणी पाहिले आहे?” हे त्यांचे ब्रह्मवाक्य. गंमत अशी की हेच तत्त्वज्ञ विम्याचा हप्ता चुकवीत नाहीत आणि मुलाच्या शिक्षणासाठी पोस्टात पाच वर्षांची ठेव ठेवतात. उद्या कोणी पाहिलेला नाही, हे आनंदाच्याच बाबतीत का आठवावे? शिवाय उद्या अनिश्चित आहे म्हणून तर आधी ठरवावयाचे! ज्या गोष्टीला तारीख नसते, तिच्या वाटणीचा पैसा आणि वेळ तारीख असलेल्या गोष्टी खाऊन टाकतात. शाळेच्या शुल्काला तारीख असते, वीजबिलाला असते, सोसायटीच्या कर्जाला असते, भाच्याच्या लग्नाला असते. घरातल्या बाईच्या इच्छेला तेवढी तारीख नसते. म्हणून दरवर्षी बळी जाते ती तीच.

तिसरा प्रकार सावधांचा, आणि यांचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ते म्हणतात, “आमचे पैसे वर्षभर कंपनीकडे अडकणार. कंपनीच बुडाली तर?” प्रश्न रास्त आहे. ‘जलेश’ नावाची कंपनी २०१९ मध्ये ‘कर्णिका’ ही मोठी बोट घेऊन मुंबईच्या समुद्रात उतरली. पुढच्याच वर्षी महामारी आली, कंपनी बंद पडली आणि ती बोट अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. असे होऊ शकते. पण यावरचा उपाय आगाऊ नोंदणी टाळणे हा नव्हे. नोंदणी डोळे उघडे ठेवून करणे हा आहे. सारी रक्कम एकदम न भरता आधी थोडी आणि उरलेली पुढे भरण्याची सोय आहे काय, ते विचारावे. किती दिवस आधी रद्द केले तर किती पैसे कापले जातात, ते छापील मागावे आणि वाचावे. कंपनीने स्वतःच सफर रद्द केली तर पैसे रोख परत मिळतील की नुसते पुढच्या सफरीचे वचन मिळेल, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. पावती हाती आल्याखेरीज दमडी देऊ नये. आणि हे सगळे वाचावयाला, विचारावयाला, दोन ठिकाणी ताडून पाहावयाला वेळ कोणाजवळ असतो? जो आधी जातो त्याच्याजवळ! आयत्या वेळी धावणारा माणूस अटी वाचत नाही, फक्त सही करतो. एवंच सावधपणा आणि आगाऊ नोंदणी यांचे वैर नाही. ती सख्खी भावंडे आहेत.

याच सावधांपैकी कोणी रेल्वेचा दाखला देतात. “रेल्वेनेसुद्धा आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, म्हणजे फार आधीची नोंदणी वाईटच ना?” दाखला खरा, निष्कर्ष खोटा. लोक चार चार महिने आधी तिकिटे अडवून ठेवीत आणि मग मोठ्या संख्येने रद्द करीत, म्हणून मुदत कमी झाली. तो दोष नोंदणीचा नव्हे, निश्चयावाचून केलेल्या नोंदणीचा. जागा अडवणे वेगळे आणि जागा घेणे वेगळे. मी निश्चयाने घेण्याबद्दल बोलतो आहे. रेल्वेच्या नियमातून आपण एवढेच शिकावे, की बोटीची तारीख पक्की झाली की त्याआधीचा साठावा दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने रंगवून ठेवावा आणि त्या दिवशी गाडीचे तिकीट काढावे. बारामतीहून दौंड, दौंडहून पुणे, पुण्याहून मुंबई. बोट धक्क्यावर कोणासाठी थांबत नाही, म्हणून आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी. एसटीने गेलात तर बायकांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच्या ऑगस्टपासून मोफत प्रवास आहे, हेही हिशेबात धरा.

चौथा प्रकार सर्वांत मोठा आणि सर्वांत मुका. तो वाद घालीत नाही. तो मनात म्हणतो, “हे आपले नव्हे. बोटीवर जावे ते मोठ्या लोकांनी.” कलियुगात समुद्र ओलांडू नये असे एके काळी शास्त्री सांगत आणि परत आलेल्यांना प्रायश्चित्त देत. ती सिंधुबंदी धर्मातून गेली. मनातून मात्र गेलेली नाही. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेकडे निघाल्या तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. ते जाणे लहर आली म्हणून घडले नाही. त्यामागे काही वर्षांचा पत्रव्यवहार होता, पैशाची जुळवाजुळव होती, आणि निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत ‘मी का जाते’ हे त्यांनी चारचौघांसमोर उभे राहून सांगितले होते. बंदी मोडली ती धाडसाने, हे आपण सांगतो. ती तयारीनेही मोडली, हे सांगावयाचे राहून जाते. त्यांना विद्येसाठी जावयाचे होते, आपल्याला चार दिवसांच्या विसाव्यासाठी. तुलना मी करीत नाही. पण “हे आपले नव्हे” या भिंतीला खिंडार पाडावयाचे तर आजही तयारीचीच पहार लागते.

ही तयारी पैशात मांडून दाखवतो. समजा, चौघांच्या सफरीचा सारा खर्च, बंदरापर्यंतचे जाणे-येणे धरून, १,२०,००० रुपये येतो. वर्ष आधी ठरवले तर महिन्याला १०,००० बाजूला टाकावे लागतात. सहा महिने आधी ठरवले तर २०,०००. दोन महिने आधी जागे झालात तर ६०,०००. म्हणजे कर्ज, किंवा दागिना, किंवा ‘बघू’! रक्कम तीच, माणूस तोच, पगार तोच. फरक पडला तो केवळ महिन्यांचा. हे गणित चौथीतला मुलगा सोडवील. पण बाप सोडवीत नाही. आमच्याकडच्या बचत गटातल्या बायकांना मात्र ते शिकवावे लागत नाही. थोडे थोडे आणि वेळेवर, या दोन शब्दांवर त्यांनी शिलाई यंत्रे घेतली आहेत, शेळ्या घेतल्या आहेत. त्यांच्या हाती हा हिशेब दिला तर घरे समुद्रावर जातील, याविषयी मला शंका नाही. हिशेब करताना एवढे ध्यानात ठेवावे, की जाहिरातीतला मोठ्या अक्षरांतला दर बहुधा एका माणसाचा, आणि तोही एका खोलीत दोघे राहतील असे धरून सांगितलेला असतो. बंदराचे शुल्क, कर, सेवाशुल्क आणि बंदरावर उतरून केलेल्या सहली हे सारे वेगळे. छोट्या अक्षरांतले आधी वाचावे, मोठ्या अक्षरांतले नंतर.

राहिली कागदपत्रे. जहाजावर प्रत्येक प्रवाशाची ओळख तपासली जाते. लक्षद्वीपला जावयाचे तर बाहेरच्या माणसाला प्रवेशाचा परवाना लागतो. परदेशातले बंदर असेल तर पारपत्र लागते. आता आमच्या घरांतल्या बायकांची नावे पाहा. आधारवर सासरचे, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, शिधापत्रिकेवर नुसतेच ‘बाई’ जोडलेले! म्हातारीची जन्मतारीख तर दुष्काळाच्या सालावरून लावलेली. हे दुरुस्त करावयाचे तर तालुक्याला दोन-चार खेपा होतात आणि महिने जातात. पुरुषाचे नाव बहुधा सगळीकडे सारखेच असते, म्हणून त्याला घाई नसते. आयत्या वेळी ठरवलेल्या प्रवासात मागे राहते ती बाई. तिच्या इच्छेमुळे नव्हे, तिच्या कागदामुळे. वर्षभर आधी नोंदणी करणाऱ्या घरात हे कागद सरळ होतात, आणि ते पुढे पेन्शनपासून बँकेपर्यंत सगळीकडे उपयोगी पडतात. सफरीचा हा लाभ कोणत्याही जाहिरातीत छापलेला नाही.

ऋतूचेही भान हवे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो; मासेमारीसुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असते. २०२३ च्या जूनमध्ये ‘एम्प्रेस’ तिकडे पूर्वेस, चेन्नईहून श्रीलंकेच्या सफरीला निघाली होती. म्हणजे मुंबईहून निघावयाचे तर दसऱ्यापासून वैशाखापर्यंतचा काळ. त्यातून शाळेच्या सुट्ट्या वजा जाता हाती उरतात ते मोजके आठवडे. तारखा मोजक्या, खोल्या मोजक्या, इच्छुक अनेक. अशा वेळी आधी जाणाऱ्याला लोभी म्हणावे की जागरूक, हे वाचकांनीच ठरवावे.

कोणी म्हणेल, मास्तर, एवढा आटापिटा कशासाठी? चार दिवस बोटीवर नाही गेले तर जीव का जातो? नाही जात. वीजबिल, हप्ते, लग्ने, दुखणी यांच्या रेट्यात माणसे जगतातच. पण घर म्हणजे एकमेकांना दिलेल्या शब्दांची साठवण असते. “बघू” म्हणणारा शब्द देत नाही आणि नकारही देत नाही. समोरच्या माणसाला तो आयुष्यभर दारात उभे करून ठेवतो. त्यापेक्षा “आपल्याला परवडणार नाही” असे स्वच्छ सांगणारा शतपटीने बरा. त्याच्या घरात रुसवा येईल, पण खोटी आशा येणार नाही. आणि ज्याला परवडणार आहे, थोडे थोडे साठवून परवडवता येणार आहे, त्याने नोंदणीची पावती घरात आणावी. त्या पावतीने घरात काय होते, ते पाहावे. मुले नकाशात लक्षद्वीपची बेटे शोधतात. बाई साडी बाजूला काढून ठेवते. म्हातारी शेजारणीला विचारते, “बोटीवर भाकरी मिळती का गं?” चार दिवसांची सफर अशी वर्षभर पुरते. आयत्या वेळी निघालेल्याला मिळतात चार दिवसच. आगाऊ नोंदवणाऱ्याला मिळतात तीनशे पासष्ट.

तेव्हा वाचकहो, फराळाची ताटे समोर आहेत, घरची माणसे एकत्र आहेत, लेकी माहेरी आल्या आहेत. वर्षाचा हिशेब मांडावयाचे हेच दिवस. पाडव्याला नवी वही घालाल तेव्हा तिच्या पहिल्या पानावर देणेकऱ्यांच्या आधी एक ओळ घरासाठी लिहा : कोठे जायचे, कोणत्या तारखेला, कोणकोण, आणि दरमहा किती रुपये. मग ती समुद्राची सफर असो, अष्टविनायक असो, की नुसते पन्हाळगड. नियम तोच आहे. उसाची नोंद कारखान्यात होते, वारकऱ्याची दिंडीत होते, वधूवरांची कार्यालयात होते. घरातल्या माणसांच्या आनंदाची नोंद करून घेणारी कचेरी सरकारने काढलेली नाही. ती आपल्यालाच उघडावी लागते, आणि वेळेवर उघडावी लागते.